आरसा बांधला, लेकरू सुटं राहिलं

डॉक्टरांनी एक्स-रे दिव्याच्या उजेडात धरला आणि मीनाच्या बाबांना बाजूला बोलावलं. मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, "जे सांगाचं ते मलेबी सांगा जी. लेकरू माह्यं हाये."

मग ते माझ्याकडे वळले. "डाव्या कानाच्या वर कवटीला तडा गेलाय. एक बाहुली मोठी झालीय, पोरगी हाकेला ओ देत नाही. आत एक्स्ट्राड्यूरल हिमॅटोमा असणार."

हे नाव मला तेव्हा उच्चारताही आलं नाही. पुढे ते इतक्या वेळा ऐकलं, की आता झोपेतही सांगेन. कवटीच्या आतल्या बाजूला मेंदूवर एक जाड पडदा असतो. मार लागून कवटी आणि पडदा यांच्यामधली रक्तवाहिनी फुटते, रक्त साकळत जातं आणि मेंदूला दाबतं. कवटी काही फुगत नाही, त्यामुळे जागा मेंदूलाच द्यावी लागते. कवटीला भोक पाडून ते रक्त काढलं नाही, तर माणूस जातं.

"किती वेळ आहे?" मीनाच्या बाबांनी विचारलं.

"वेळ नाहीच," डॉक्टर म्हणाले. "सही करा."

आमची मीना तेव्हा पाच वर्षांची होती. आणीबाणी उठल्यानंतरचा उन्हाळा होता. माझे दीर वसंता यांचं लग्न अनसिंगला लागलं होतं आणि करवलीचा मान मीनाचा होता. करवली म्हणजे नवरदेवाच्या मागे दिवा घेऊन उभी राहणारी घरातली पोर. आमच्याकडे तिचा रुबाब नवरदेवापेक्षा तसूभरही कमी नसतो. मीनाने हिरवं परकर-पोलकं घातलं होतं आणि दोन दिवस ती कोणाचं म्हणून ऐकत नव्हती. नवरदेव जिथे बसेल तिथे करवली बसणार, ही रीतच आहे. त्यामुळे जीपमध्ये पुढच्या सीटवर वसंता भाऊजी आणि त्यांच्या मांडीवर मीना.

जीप वाशीमच्या एका कापडवाल्या शेटजींची होती, लग्नापुरती मागून आणलेली. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी. तिला दारं नव्हती. दाराच्या जागी, बसणारा बाहेर पडू नये म्हणून, जाड कॅनव्हासचा एक पट्टा होता आणि तो दोन कड्यांत अडकवायचा असे.

परतीच्या दिवशी नवरीबरोबर रुखवत आलं. पितळेची घागर, तांब्याचा बंब, लोखंडी पेटी आणि माणसाच्या उंचीचा, शिसवी चौकटीचा आरसा. कुसुमच्या वडिलांनी, म्हणजे नवरीच्या बापाने, तो आरसा खास अकोल्याहून आणवला होता. त्यांनी हात जोडून एकच सांगितलं, "आरश्याले तडा नोको जाऊ देजा. लेकीच्या संसारात फुटका आरसा अपशकुन होते." आता व्याह्याच्या तोंडून असं निघाल्यावर आमच्या घरात तो सैल बांधायची कोणाची टाप होती? दोर तपासले, गाठी तपासल्या. एक दोर कमी पडला.

मी बाकीच्या बायकांबरोबर एसटीने गेले. जीप पुढे निघून गेली होती.

मालेगावच्या अलीकडे रस्त्यात म्हैस आली. ड्रायव्हरने गाडी वळवली आणि मीना भाऊजींच्या मांडीवरून उडून रस्त्याच्या कडेला पडली. गाडी उलटली नाही, कोणाला साधं खरचटलंही नाही. भाऊजी माणूस धडधाकट, पोरीला दोन्ही हातांनी धरून बसले होते. तुम्ही म्हणाल, धरली होती तर सुटली कशी? मीही हेच म्हणत होते, ओरडून म्हणत होते. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं, की गाडी वेगात असताना एकदम वळली किंवा थांबली, तर एवढ्याशा पोरीचा भार हातांना पेलवत नाही. पहिलवानाचेही हात सुटतात. मांडी ही बसायची जागा आहे, धरून ठेवायची नाही.

मी मेडशीला, आमच्या गावी, उतरले तेव्हा मीना ओट्यावर बसून लाडू खात होती. मला बघून म्हणाली, "आई, मी उडली." आणि हसली.

इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दगा इथेच झाला. कानावर टेंगूळ होतं, त्यावर सासूबाईंनी हळद लावली होती. पोरगी बोलत होती, चालत होती. नवरी घरात येताना तिने दारात दिवा धरला, आणि तोही न सांडता. सगळे म्हणाले, देवाने वाचवलं. मला त्या हसण्याचा अजून राग येतो. या आजारात असंच होतं. मार लागल्यावर मूल क्षणभर गप्प होतं, मग अगदी शहाण्यासारखं वागतं आणि आत थेंब थेंब रक्त साचत असतं. डॉक्टर त्या वेळेला ल्युसिड इंटर्व्हल म्हणतात, म्हणजे मधली शुद्धीची वेळ. ती वेळ घरच्यांना फसवते.

लाडू अर्धा टाकून ती म्हणाली, डोकं दुखते. एकदा ओकली. सासूबाई म्हणाल्या, "लगनाचं गोड खाल्लं, उन्हात हिंडली. झोपू दे तिले, थकली ते." जेवायला उठवायला गेले तर ती उठेना. मी हलवलं, गालावर पाणी मारलं. एक डोळा उघडून बघितला, तर बाहुली एवढी मोठी, की बुबुळच उरलं नव्हतं.

तीच जीप पुन्हा काढली. मागे सामान तसंच बांधलेलं होतं, ते सोडायलाही कोणी थांबलं नाही. अकोल्याच्या दवाखान्याच्या वाटेवर, पातूरच्या घाटात, मीनाचं डोकं माझ्या मांडीवर आणि पाय कुसुमच्या मांडीवर होते. कुसुमच्या अंगावर अजून लग्नाचा शालू होता. तिला कोणी चल म्हटलं नव्हतं, ती आपली आपण चढून बसली. वळण आलं की आम्ही दोघी पोरीला घट्ट धरत होतो आणि मागे तो आरसा जरासुद्धा हालत नव्हता.

ऑपरेशनला बर होल म्हणतात. गिरमिटाने कवटीला भोक पाडायचं आणि साकळलेलं रक्त धुऊन काढायचं. मीनाचे केस काढून नर्सने ते कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. वेणीत अजून अबोलीचा गजरा होता. ते पुडकं घेऊन मी व्हरांड्यात बसले. मला त्या वेळी देव आठवला नाही, नवस आठवला नाही. फक्त वाटत होतं, हे केस हातातून पडू द्यायचे नाहीत.

डॉक्टर बाहेर आले. "रक्त निघालं. पण उशीर झालाय. जगेल असं वाटतं. पुढचं आत्ता विचारू नका."

पहिला आठवडा ती डोळे मिटून होती. वॉर्डात खाटा एकाला एक लागून, मधून शेगडीवर सुया उकळण्याचा वास. लोक येत, डब्यातली भाकर देत आणि आपापल्या गावच्या पडलेल्या, मेलेल्या पोरांच्या गोष्टी सांगत. ही आपली एक वाईट खोड आहे. दवाखान्यात कोणाला भेटायला गेलात तर कृपा करून मेलेल्यांच्या गोष्टी सांगू नका. भाकर द्या आणि गप्प बसा.

सासूबाई गावाहून आल्या तेव्हा त्यांनी मीनाच्या कपाळाला अंगारा लावला. मग बाहेर व्हरांड्यात कुसुमकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पाय ठेवला तशी घरावर संकट आलं. पायगुण म्हणते त्याले." कुसुम तिथेच खाली बसून माझ्या साडीवरचे डाग धूत होती. तिने मान वर केली नाही. मला बोलायचं होतं, पण खरं सांगते, तेव्हा मलाही कोणावर तरी राग काढायला हवाच होता आणि ती समोर होती. मी उठून आत मीनाजवळ गेले.

दुसऱ्या आठवड्यात मीना हलायला लागली, पण शुद्धीत नाही. डावा हातपाय आपटायची, कूस बदलायची. उजवी बाजू तशीच पडून असायची. दोनदा ती खाटेच्या काठाशी आली. नर्सने रुंद पट्टीची गुंडाळी आणली आणि मीनाच्या बाबांच्या हातात दिली. "खाटेला बांधा तिला. पडली तर आम्ही जबाबदार नाही. छातीवरून नको, कमरेवरून, मांडीच्या सांध्याशी घ्या."

ते पट्टी हातात घेऊन उभे राहिले. गाठ मारण्यात त्या माणसाचा गावात हात धरणारा कोणी नव्हता. बैलगाडीचा भारा असो की मांडवाचा खांब, बांधायला त्यांनाच बोलावत. पण पट्टी त्यांच्या हातातून खाली पडली आणि उलगडत पार दुसऱ्याच्या खाटेखाली गेली. कुसुमने ती उचलून आणली आणि बांधली.

ते बाहेर गेले. सासूबाई व्हरांड्यात कोणा बाईला परत तेच पायगुणाचं सांगत होत्या. मी दारातून ऐकलं.

"माय," ते म्हणाले, "तिच्या पायाचं नाव घेऊ नोको. जीपचा पट्टा म्या काढला."

सासूबाईंना कळेना. "कोनचा पट्टा?"

"दाराचा. पोरगी बसली होती त्या बाजूचा. आरसा बांधाले दोर कमी पडला म्हणून म्या पट्टा काढून आरश्याले लावला. ह्या कुसुमनं पाह्यलं बी होतं. 'दादा, तिकडं लेकरू बसलं ना', असं म्हणे. म्या तिले म्हटलं, नव्या नवरीनं मधात बोलू नये."

कुसुमने एवढे दिवस अंगावर पायगुण घेतला आणि थोरल्या दिराचं नाव काढलं नाही. मी आत आले आणि तिच्या शेजारी, मीनाच्या पायाशी बसले. मला रडू आलं, आणि ते सगळं मीनासाठी नव्हतं. मीनाच्या बाबांवर मला इतका राग होता, की त्यांचा डबाही मी पुढे बरेच दिवस सरकवला नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांना एकटंही सोडलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल वाटू शकतात, हे मला दवाखान्याने शिकवलं.

मीनाने डोळे उघडले तेव्हा ती आम्हाला ओळखत होती, पण बोलता येत नव्हतं. याला अफेझिया म्हणतात. शब्द डोक्यात असतात, तोंडापर्यंतची वाट बंद असते. पाणी हवं असलं तर ती चिडून रडायची. एकदा कंदिलाकडे बघून ती "दि… दि…" करत राहिली. कुसुम म्हणाली, "दिवा म्हणून राह्यली, वहिनी." मग एकेक शब्द येत गेला, काही उलटे, काही अर्धे. पहिलं पूर्ण वाक्य तिने कमरेच्या पट्टीवर हात ठेवून विचारलं, "मले काहून बांधलं?"

"पडू नाही म्हणून," तिचे बाबा म्हणाले, आणि उठून गेले.

निघताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. "परदेशात मोटारींना कमरेचे पट्टे असतात. लहान मुलांची तर वेगळी खुर्ची असते, सीटला बांधलेली. आपल्याकडे कधी येईल देव जाणे. तोवर पोरांना पुढे बसवू नका, मांडीवर नको, दाराशी तर नकोच. मागे, आत बसवा आणि बांधा. डोक्याला मार लागला तर हसतंय म्हणून घरी ठेवू नका. ओकारी, डोकेदुखी, गुंगी, यातलं काही दिसलं तर लगेच निघा." मी हे जसंच्या तसं लिहून ठेवते आहे, कारण मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं.

मीना चालते, उजवा पाय किंचित ओढत. उजव्या हाताची बोटं मिटलेली आहेत, ती उघडत नाहीत. शाळेत डाव्या हाताने लिहिते. मास्तरांनी त्यावर छडी मारली तेव्हा मी शाळेत जाऊन जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आरसा घरात आहे. त्याला तडा नाही. सासूबाई म्हणत होत्या विकून टाका. मी म्हटलं राहू द्या, आणि रोज त्याच्यापुढे मीनाची वेणी घालते. टाक्यांच्या जागी केस आले नाहीत.

मीनाच्या बाबांनी खाटेची नवार, ती रुंद सुती पट्टी, विकत आणली. कुठेही जायचं असलं की तिची गुंडाळी त्यांच्या पिशवीत असते. बैलगाडी असो, ट्रक असो की कोणाची जीप, ते आधी लेकरं मागे घेतात, कमरेवरून बांधतात आणि मगच स्वतः चढतात. लोक हसतात. "लेकरं हायेत का कडब्याच्या पेंढ्या जी?" असं म्हणतात. ते गाठ आवळत राहतात.

परवा कुसुम तिच्या लेकाला घेऊन माहेरी निघाली. पोरगं आता बसायला लागलंय. शेटजींचीच जीप होती. मीनाच्या बाबांनी पोराला मागे, आतल्या बाजूला, गादीची टेकण देऊन बसवलं आणि नवार बांधून गाठ मारली. जीपचं इंजिन सुरू झालं, तशी मीना पाय ओढत मागे चढली. तिने डाव्या हाताची दोन बोटं पट्टीखाली घालून बघितली.

"बाबा, इकून ढिल्ली हाये," ती म्हणाली. "अजून ओढा."

त्यांनी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली, गाठ सोडली आणि परत बांधली. मग मीनाची बोटं आत जाईनात, तेव्हा ती खाली उतरली आणि म्हणाली, "आता जा."