पिपची तहान

व्हर्ना फ्रीसन सत्तावीस वर्षं आमच्या गावच्या शाळेची बस चालवतेय. दर वसंतात कर्लिंगच्या खेळासाठी हॉलमध्ये गोठवलेला बर्फ काढून तो रिकामा झाला की ती तिथे कुत्र्यांच्या नसबंदीचा दिवस भरवते. चर्चमधल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्यांवर कुत्र्या गुंगीत पडलेल्या असतात आणि ही बाई गुडघे टेकून एकेकीचे पाय चोळत असते.

मला ती दर वर्षी विचारायची, "हार्वी, पिपला आणतोस ना?"

"एक वेत होऊ दे की आधी! बिचारीला आईपण तरी कळू दे."

"तुझं ते एक वेत सात वर्षं चाललंय."

"तू बस चालव गं बाई. माझी कुत्री मी बघतो."

असा मी. जन्मभर गुरं पाळलेल्या माणसाला कोणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही.

जानेवारीत पिप घटाघटा पाणी प्यायला लागली. मला वाटलं, गुरांची मिठाची वीट चाटत असणार, दुसरं काय! वीट उचलून उंच फळीवर ठेवली आणि निर्धास्त झालो. तिसऱ्या दिवशी तिने मटणालाही तोंड लावलं नाही.

त्या सकाळी पोरांना शाळेत सोडून व्हर्ना अंडी न्यायला आली. पिप जागची उठेना, तसं तिने वाकून शेपटी उचलून पाहिलं.

"माजावर कधी आली होती?"

"डिसेंबर लागला तेव्हा. का गं?"

"गर्भपिशवीत पू झालाय, हार्वी. नसबंदी नसली की माजानंतर होतो असा. ऊठ, कोट घाल."

थंडीने माझी गाडी सुरूच होईना. बस दारात उभी होती. मी सीटांच्या मधे फतकल मारून बसलो, पिपचं डोकं मांडीवर. डॉक्टर ऐंशी किलोमीटरवर.

"वाचेल ना गं?"

"माहीत नाही. माझी नाही वाचली." व्हर्नाने आरशातून माझ्याकडे पाहिलं नाही. "मीही एका वेताची वाट बघत बसले होते."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी काढलेली पिशवी माझ्या मनगटाएवढी फुगलेली होती. तीन वाजता पोरांना घरी सोडायचं होतं, तरी पिपने डोळे उघडेपर्यंत व्हर्ना हलली नाही. "सांगितलं होतं ना" हे शब्द तिच्या तोंडून आले नाहीत. देव तिचं भलं करो!

"व्हर्ना, तुझे उपकार मी..."

"राहू दे ते. क्लिफर्डला फोन लाव. त्याची कुत्री नऊ वर्षांची झाली, अजून नसबंदी नाही."

लावला. क्लिफर्ड माझा शेजारी, माझ्याहून हट्टी. त्याने नेहमीसारखं हसण्यावारी नेलं. मला सगळं नीट सांगायचं होतं, पण त्या पिशवीपर्यंतच आलो. डॉक्टरांच्या त्या खोलीत, सगळ्यांदेखत, मी फोनवर ढसाढसा रडलो.

 मग क्लिफर्ड म्हणाला, "केव्हा आणू तिला?"