रुमालाची गाठ

आमचे स्काउटचे सर निवृत्त झाले, तरी शिट्टी गळ्यात असते आणि भेटले की स्काउटच्या रीतीने हस्तांदोलनाला हात डावाच पुढे येतो. रोजचं सत्कृत्य होईपर्यंत स्कार्फला गाठ ठेवायची, हा त्यांचा नियम. शाळेत असताना मी एकदा खोटं बोलून ती सोडली होती. म्हटलं, एका म्हातारीची पिशवी स्टँडपर्यंत नेली. अजून सलतं. परवा सरांनी स्वतः लिहिलेला पथकाचा इतिहास वाचायला दिला, तर पहिल्याच पानावर माझी म्हातारी! मी सगळं कबूल केलं.

"मले तवाच मालूम होतं बे."

"मग ते पान फाडा, सर."

"फाडू कायले? तू खरं कर!" म्हणत त्यांनी माझ्या रुमालाला गाठ मारली.

तीन दिवस झाले. कारंजा गावच्या एसटी स्टँडवर एकही म्हातारी मला पिशवी धरू देत नाही.