मेधाचं पाणमांजर आणि आमची मंडळी

शेजारी डॉक्टर असला की आजारांचे किस्से जमतात, वकील असला की भांडणांचे. माझ्या शेजारी मेधा राहते, म्हणून माझ्याकडे समुद्रातल्या पाणमांजरांचे साठलेत. मेधा नागपूरची. इथे साता समुद्रापार माँटेरे गावी, आई हरवलेली पिल्लं वाढवून पुन्हा समुद्रात सोडणाऱ्या सेंटरमध्ये काम करते.

*

एकदा तिच्या बॅकयार्डात काळा झगा आणि वेल्डिंगवाल्याचा मुखवटा वाळत होता. मी लगेच कुंपणाशी. "अगं, हे काय?"

"युनिफॉर्म, ताई. पिल्लाला माणसाचा चेहरा दिसायला नको. लळा लागला तर सोडल्यावर बोटींमागे जाईल. मग परत आणावं लागतं, आणि जन्मभर टाकीत."

"मग बाळाशी बोलायचं कसं?"

"बोलायचंच नाही."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "तुला नाही जमणार."

*

पिल्लाचं कळल्यावर आमच्या मराठी ग्रुपमधल्या कुलकर्णी काकूंनी कुंची शिवली. लेस लावून.

"काकू, त्याच्याइतकी दाट लव जगात कुणाला नाही," मेधा म्हणाली.

"असू दे. कानाला वारा लागतो. आणि नाव काय ठेवलंत?"

"नाव नाही. नंबर."

"कैद्यासारखा?" काकू दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

*

आमच्या ग्रुपमधले शिरीषभाऊ मांजराची घाण फ्लश करतात. मेधानं हात जोडले. "भाऊ, त्यातले जंतू समुद्रात जातात. पाणमांजरं मरतात हो त्यानं. कचऱ्यात टाका."

"आमची मनी दूधभातावर वाढलीय," शिरीषभाऊ दुखावले. "ती कुणाला मारणार?"

*

वेस्ट विंडसरहून माझी नणंद आली. कयाकमध्ये बसली आणि सेल्फीसाठी थेट एका पाणमांजराच्या पुढ्यात. किनाऱ्यावरून मेधा घसा फोडून ओरडतेय, "मागे घ्या!"

"अगं, नमस्कार करतोय तो!"

"पंजे गारठतात म्हणून वर धरलेत! घाबरून बुडी मारली की खाल्लेलं सगळं जिरतं, मग दिवसभर नुसतं खात सुटायचं!"

नणंद मला म्हणाली, "फारच तापट आहे गं तुझी शेजारीण."

*

शेवटी पिल्लाला सोडायचा दिवस आला. आम्ही लांब कड्यावर, दुर्बिणी घेऊन. मेधानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. "माणसाकडे गेलं की संपलं," एवढंच पुटपुटत होती.

बोटीतून पिल्लू पाण्यात उतरलं. तेवढ्यात कुठून तरी एक सर्फर आला, बोर्डवर पालथा. पिल्लू त्याच्याकडे वळलं. मेधानं माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली.

पिल्लानं जरा वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली, बुडी मारली आणि पार तिकडे शेवाळाच्या रानात वर आलं. पंजात काहीतरी होतं. ते पोटावर ठेवून फोडायला लागलं. सर्फर हात हलवत होता, बोट होती, आम्ही होतो. पिल्लाला कुणाचं काही नाही.

काकूंनी दुर्बीण खाली ठेवली. "इतकं केलंस त्याचं, आणि मेल्यानं एकदा वळूनसुद्धा बघितलं नाही."

मेधाचं नाक गळत होतं. ती म्हणाली, "काकू, परत एकदा म्हणा ना."