वर्तुळाला दिलेलं नाव

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका छोट्या गेम कंपनीत मी नोकरीला होतो, तेव्हा हात हलवून खेळायच्या कंट्रोलरची नवी साथ आली होती. कंपन्या त्यांना लांबलचक नावं देत. घरोघरी पोरं सरळ रिमोट म्हणत, आणि तेच टिकलं.

या रिमोटच्या चिपला तुमचा हात दिसत नाही. तिच्यात कणभर वजन बारीक स्प्रिंगवर टांगलेलं असतं. बस सुटली की उभा माणूस मागे जातो, तसं हात हलला की ते मागे राहतं, आणि किती राहिलं त्यावरून धक्का मोजतात. माझं काम म्हणजे या धक्क्यांचे नमुने गोळा करायचे आणि प्रत्येक हालचालीला नाव द्यायचं. फोरहँड, थ्रो, पंच. वर्तुळ मात्र कुणाला जमेना. ऑफिसातल्या धडधाकट बाप्यांची वर्तुळं नवशिक्याच्या पोळीसारखी, जिथे तिथे कोपरे.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती आणि घरात बसून कंटाळली होती. एका शुक्रवारी तिला ऑफिस दाखवायला नेलं. मॅनेजरने हौसेने तिच्या हातात रिमोट दिला आणि वर्तुळ काढायला सांगितलं.

"आई, ओवाळतेस ना, तसं कर," मी म्हणालो.

तिने पदर खोचला आणि मला समोर उभं करून पाच वेळा ओवाळलं. पडद्यावरची रेघ पाचही वेळा त्याच वाटेने गोल फिरली. सगळे जागेवरून उठून बघायला आले. त्या देशात आल्यापासून तिचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता.

"ब्रिलियंट! व्हॉट इज शी डूइंग?" मॅनेजरने विचारलं.

खरं सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. दिवा, ताट, समोरच्यासाठी आयुष्य मागणं. पण मला वाटलं, आता हे लोक कौतुकाने माना डोलावणार आणि पुढे महिनाभर मी कँटीनमध्ये आरतीवाला. लाज वाटली, दुसरं काही नाही.

"स्टरिंग," मी म्हणालो. "लाइक, सूप."

फाइलला तेच नाव पडलं. गेममध्ये त्या वर्तुळाने एक चेटकीण कढई ढवळायची.

माझ्या आईने तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. हे मला त्या क्षणी आठवू नये? अक्कल शेण खायला गेली होती.

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "सूप काय रे?"

"अगं, त्यांना कळलं नसतं."

"त्यांना नसतं कळलं. तुला तर कळत होतं ना?"

मी रेडिओ लावला. इतका कोडगा होतो मी.

पुढच्याच महिन्यात माझा वाढदिवस होता. एरवी आई फोनवरून म्हणायची, "इथून ओवाळतेय हं," आणि मी इकडे एका हाताने ईमेल लिहीत हो-हो करायचो. त्या वर्षी ती घरात होती. बायकोने निरांजन, सुपारी, अक्षता असं ताट मांडलं, मला डायनिंगच्या खुर्चीवर बसवलं आणि हाक मारली, "आई, या ना, तुम्ही आधी."

आई सोफ्यावरून उठली नाही.

"तूच ओवाळ गं," ती म्हणाली. "मी ओवाळलेलं त्याला चारचौघांत सांगता येत नाही."