मॅनेजर मॅडमचा सूड

"एक माणूस होता," असं म्हणून मॅडम फळ्यावर मोठा गोल काढायच्या. गोलाला दोन काड्यांचे पाय आणि वर भरघोस मिशा. मग खडू ठेवून वर्गाकडे वळायच्या. "होता म्हनते मी. तसा अजून आहे, ते आपलं नशीब."

नववीचा वर्ग खदखदून हसायचा. मिशा कोणाच्या, हे गावातलं शेंबडं पोरही ओळखत होतं.

ढाणकीच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो. माझ्या आणि त्यांच्या वर्गांमध्ये फक्त एक पत्र्याची भिंत होती, त्यामुळे त्यांचा तास मला फुकटात ऐकायला मिळायचा. नववी-दहावीला व्यवसाय व्यवस्थापन आणि नेतृत्व असा नवा विषय आला आणि शिकवायला माणूस मिळेना. मॅडम बी. कॉम. झालेल्या, जवळच्या तांड्यावरच्या. गावातल्या बायकांच्या गटाची दालमिल त्यांनी स्वतः उभी करून चालवलेली. मुख्याध्यापकांनी तासिका तत्त्वावर त्यांना घेतलं. पोरांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, मॅनेजर मॅडम.

आता मिशावाल्या माणसाबद्दल सांगतो, आणि मनात राग ठेवूनच सांगतो. हा गावातला मोठा व्यापारी. बायकांचं भलं करायचं म्हणून आधी दालमिलचा सल्लागार झाला, मग एका सभेत मॅडमना काढून अध्यक्षाच्या खुर्चीवर स्वतः बसला. मॅडम त्या दिवशी माहेरी होत्या, वडिलांच्या तेराव्याला. सभेची वेळ त्याने मुद्दाम साधली होती. असली माणसं तुमच्याही गावात असतील. गोड बोलतात, मयतीला सगळ्यात आधी येतात आणि जाताना घराची किल्ली घेऊन जातात.

हाच माणूस आमच्या शाळा समितीवरही होता. मॅडमची नेमणूक झाली तेव्हा तो मेव्हण्याच्या निवडणुकीत गुंतला होता. परत आल्यावर कळलं, तेव्हा हसला. "शिकवू द्या ना. लेकराईले शिकवून काय होते?" एवढी मोठी चूक त्याने आयुष्यात दुसरी केली नसेल.

एकदा डबा खाताना मी मॅडमना विचारलं, "त्या सभेत एकही बाई तुमच्या बाजूने बोलली नाही?"

"बोलन कशी? मीच शिकवलं होतं त्याईले हात वर करायचं." भाकरी तशीच हातात धरून त्या बोलत होत्या. "सभेत मी उभी राह्याची. 'बरोबर आहे ना, बायाहो?' म्हनलं की सगळ्याईचे हात वर. मले वाटे, काय शिस्त आहे! त्या दिवशी तो उभा राह्यला, त्यानंही तेच इचारलं. हात वर. दुसरं काही येतच नव्हतं त्याईले."

म्हणून त्यांच्या वर्गात एक चमत्कारिक नियम होता. होकारासाठी हात वर केला की मॅडम ओरडायच्या. "हात खाली! आधी एक प्रश्न इचार, मंग हात." वर्गाची सहल कुठे न्यायची हे ठरवायलाही त्यांना दोन तास लागायचे. कळंबच्या चिंतामणीला जायचं एवढं साधं, पण स्वयंपाक कोण करणार, कोणाला विचारून ठरलं, ज्याला यायचं नाही त्याने काय करायचं, अशा प्रश्नांचा नुसता पाऊस. शिपाई मला म्हणायचा, "सर, या मॅडमच्या वर्गात चूप बसनाऱ्याले मार भेटते काय?"

मग त्या गृहपाठ द्यायला लागल्या. घरी जाऊन आईला एक प्रश्न विचारून यायचं. दालमिलची किल्ली कोणाकडे असते? आधी कोणाची तूर भरडली जाते? नंबर कोण लावतो? वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया दालमिलच्या सभासद होत्या. आयांना उत्तरं येत नव्हती आणि पोरी पिच्छा सोडत नव्हत्या.

मला ते खटकलं. मी म्हणालो, "मॅडम, हे लेकरांच्या खांद्यावर बंदूक ठेवून गोळी मारणं झालं."

"बंदूक माही, खांदाही माहाच. लेकरं फक्त प्रश्न घेऊन चालले घरी." आणि मग जरा हळू आवाजात, "सर, खरं सांगू? मले त्या मानसाचं तोंड पाह्यचं आहे, पडलेलं. रोज सकाळी उठली की पहिले तेच मनात येते. देव नाही येत."

सूड वाईट असतो, असा निबंध मी कितीतरी वर्षं पोरांकडून लिहून घेतला होता. त्या वर्षापासून तो विषय देणं बंद केलं.

पण एक गोष्ट सांगायलाच हवी. दहावीत त्या माणसाची पुतणी होती. त्या वर्गाच्या फळ्यावर मिशावाला गोल कधीच निघाला नाही. उलट त्या पोरीला मॅडमनी गटप्रमुख केलं, रागावून-समजावून पुढे आणलं. मी चिडवलं तर म्हणाल्या, "वैर त्या मिशाशी आहे. पोरीले कुठं मिशा आहेत?"

दालमिलची वार्षिक सभा मिलच्याच टिनाच्या शेडमध्ये भरली. मॅडम अजून साध्या सभासद होत्या, म्हणून त्यांना येण्यापासून कोणी अडवू शकत नव्हतं. मी दारात उभा राहिलो. माझा तिथे काही संबंध नव्हता. मला फक्त ते तोंड पाहायचं होतं.

त्याने भाषण केलं, मिशांवरून हात फिरवला आणि नेहमीसारखं विचारलं, "मंग बायाहो, पुढच्या वर्षीही असंच चालू ठेवू. बरोबर आहे ना?"

सगळे हात मांडीवर. त्याला वाटलं ऐकू गेलं नसेल. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा शकीलाबी उठली. हिचा नवरा मोटारी दुरुस्त करतो, आणि हिची नाझमीन नववीत. आजवर सभेत हिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"बरोबर हाय का नाई, ते आमी पाहू. पहिले हे सांगा भाऊ, आमची तूर बाहेर पडून राह्यते आन् तुमचा ट्रक सीधा अंदर जाते. काहून?"

तो हसण्यावारी न्यायला गेला. तोच दुसरी उठली. नंबर कोण लावतो? तिसरी उठली. किल्ली तुमच्या घरी काहून? त्याचा चेहरा आधी लाल झाला आणि मग राखेसारखा पडला. टिनाखाली सगळ्यांनाच घाम येत होता, पण त्याचा घाम बघायला मला जी मजा आली ती मी लपवणार नाही. मिशांतून थेंब गळत होते.

"हे तुमाले कोनं शिकवलं?" तो ओरडला.

"आमच्या पोरीईनं," शकीलाबी म्हणाली.

त्याला खुर्ची सोडावी लागली. त्याच सभेत, त्याच हातांनी. मी मॅडमकडे पाहिलं. रोज सकाळी देवाऐवजी जे मागितलं ते समोर घडत होतं, आणि त्या डोळे मिटत नव्हत्या. मागून एक म्हातारी ओरडली, "आपल्या मॅडमले करा परत अध्यक्ष!" मॅडमनी पदर सारखा केला आणि उठून उभ्या राहिल्या. त्यांचं भाषण तयार होतं, मला ठाऊक आहे. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मी ते दोनदा ऐकलं होतं.

"मॅडम," शकीलाबी अजून उभीच होती, "पहिले तुमालेही एक इचारते. तुमच्या टाइमले आमी हात वर करत होतो, तवा तुमी आमाले कदी इचारलं काय?"

मला शकीलाबीचा असा संताप आला! जिने हिच्या पोरीला तोंड दिलं, तिलाच ही चावते?

"नाही इचारलं," मॅडम म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

अध्यक्ष शकीलाबी झाली. परतताना मी न राहवून विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं. खोटं कायले बोलू? रात्रभर रडीन बी." थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "पन प्रश्न चांगला होता, सर. पैकीच्या पैकी."

दालमिल गेली तरी त्या माणसाची शाळा समिती गेली नव्हती. नवं सत्र सुरू झालं आणि मॅडमचा नेमणुकीचा आदेश निघालाच नाही. कारण काय, तर विषयाला विद्यार्थी कमी. वर्गात बसायला जागा नव्हती आणि म्हणे विद्यार्थी कमी! मी मुख्याध्यापकांशी भांडलो, समितीपुढे जाऊन आवाज चढवला. मिशावाल्याने माझ्यासाठी चहा मागवला. मी तो तसाच ठेवून उठलो.

मॅडम कळंबला भावाकडे निघाल्या. ढाणकीच्या स्टँडवर त्यांना पोहोचवायला मी गेलो, त्या माणसाला मनसोक्त शिव्या देऊ या तयारीने. तिथे शकीलाबी आणि तीन-चार बाया आधीच उभ्या. हातात नव्या डाळीची पिशवी. मॅडम गाडीत खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पिशवी आत घेऊन तिचं तोंड सोडलं, चार दाणे तळहातावर घेऊन उन्हात पाहिले, एक दाताखाली फोडला. बाया त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"नंबर कोन लावते आता?" मॅडमनी विचारलं.

"आमी सगळ्या बसून लावतो," शकीलाबी म्हणाली. "दर सोमवारी. भांडनं होतात खूप."

मॅडम हसल्या. मग पिशवी मांडीवर घट्ट धरून खिडकीतून तोंड आत घेतलं, आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले. गाडी सुटेपर्यंत त्यांनी बाहेर पाहिलं नाही. मी मनात जुळवून आणलेल्या शिव्याही तशाच राहून गेल्या.

तो विषय आमच्या शाळेत आता कोणी शिकवत नाही. तो माणूस रोज सकाळी शाळेवरून जाताना मला हात जोडतो. मी त्याचा नमस्कार अजून घेत नाही.