गजभियेदादांची व्हॅन

दसऱ्याला मी माझ्या लाल स्पोर्ट्स कारची पूजा केली आणि नैवेद्याच्या पेढ्यांसकट तिला हिवाळ्यासाठी वॉन गावातल्या एका गोदामात बंद करून आलो.

बर्फात, तो वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर असली गाडी काढणं म्हणजे पाप, असं मी चारचौघांत सांगत असे. त्या दिवशी सोबत गजभियेदादा होते. आमचे स्कारबरोचे शेजारी, मूळचे नागपूरचे, रिटायर्ड इंजिनिअर. कुणाचीही गाडी दिसली की आधी तिच्या टायरला लाथ मारायची आणि मग मालकाला ‘जय भीम’ घालायचा, हा त्यांचा शिरस्ता. माझ्या गाडीलाही लाथ बसली. मग मी बॉनेटवर कुंकू लावलं, झेंडू वाहिला, मूठभर अक्षता टाकल्या.

“काय करून राहिला बे? गाडी ठेवून राहिला का तिचं लग्न लावून राहिला?”

“दादा, शुभ असतं.”

“ते तांदूळ झाड. पेढे काढ. उंदरं येतील.”

मी पुण्याचा. हसलो आणि कव्हर ओढलं.

हिवाळाभर चालवायला दादांनीच मला त्यांची जुनी व्हॅन दिली. मोतीबिंदूनंतर मुलीनं त्यांना बर्फात गाडी चालवायची बंदी केली होती. व्हॅन तपकिरी, सरकतं दार सुतळीनं बांधलेलं. पण हीटर असा, की जानेवारीत घाम फुटावा. ऑफिसात मी ती पार कोपऱ्यात लावायचो आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला मोबाइलवर माझी ‘खरी’ गाडी दाखवायचो. फोटो कव्हर घातलेल्या गाडीचा होता. दादांना हे कळलंच.

“लोकं लेकरांचे फोटो दाखवतात. हा ताडपत्रीचा दाखवते!”

व्हॅनच्या बदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. मे महिन्यात ते कायमचे मुलीकडे कॅलगरीला जाणार होते. “मले एअरपोर्टला तुह्या लाल गाडीतून सोड. छत उघडून. जिंदगीभर गाडीत लेकरं आन् किराणाच वाहिला. एकदा नुसता वारा खाऊ दे.”

मी शब्द दिला. गाडी सोडवायला मात्र थेट त्याच सकाळी निघालो, दादांना आणि त्यांच्या बॅगेला व्हॅनमध्ये घालून. त्यांनी नवा गॉगल घेतला होता. टोपी उडू नये म्हणून हनुवटीखाली नाडी बांधली होती.

कव्हर काढलं. चावी फिरवली. गाडी ढिम्म. बॉनेट उघडलं तर आत सीटच्या स्पंजाचा आणि पेढ्यांच्या खोक्याचा सुबक संसार थाटलेला, वायरी कुरतडलेल्या. एक गलेलठ्ठ उंदीर, दार न वाजवता घरात घुसलेल्या पाहुण्यांकडे बघावं तसा आमच्याकडे बघून सावकाश आत गेला.

दादा एअरपोर्टपर्यंत व्हॅनची काच खाली करून, गॉगल लावून बसून राहिले. उतरल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली, व्हॅनच्या टायरला हलकेच लाथ मारली आणि टोपीची नाडी सोडत म्हणाले,

“हिवाळाभर तू माह्या गाडीत बसला, उंदरं तुह्या गाडीत बसले. एक मीच राहिलो न बे!”