काळ्या काचेतलं पाणी

धरणातून प्रवरेला पाणी सुटलं की बेलापुरात शांतवनमामा शोधूनही सापडायचे नाहीत. एरवी हा माणूस लग्नाचे फोटो काढायचा, पण नवरीला हळद लागत असतानाही कुणाला तरी फोन लावून विचारायचा, "बंधाऱ्यावरनं पानी पडाय लागलं का?" मी शाळेत शिकवायचे आणि त्यांच्याच माडीवर भाड्यानं राहायचे. त्यामुळे हे वेड मला रोज फुकटात बघायला मिळायचं.

वेड म्हणजे वाहत्या पाण्याचे फोटो. तेही झटकन नाही. वेल्डिंगवाल्याकडची काळी काच रबर लावून कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायची, म्हणजे भर दुपारीसुद्धा उजेड आत अगदी बेताबेतानं शिरतो. मग बटण दाबून धरायचं आणि प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायची. उन्हात एकदा, ढगात दोनदा. आमेनला बटण सोडायचं. तेवढ्या वेळात वाहून गेलेलं सगळं पाणी एकाच फोटोत उतरायचं. लाटा नाहीत, थेंब नाहीत, नुसती पांढरी साय. "पान्याला घाई हाय," मामा म्हणायचे, "आपल्याला कुठं हाय?"

एकदा स्टँड लावून नदीकडे टक लावणारे मामा पाहून काठावरच्या शेतकऱ्यांना वाटलं, पाटबंधारे खात्याचे साहेबच आले! पाणी सुटलेलं असताना नदीतून उपसायला बंदी होती. बघता बघता सगळ्यांनी मोटारी काढून उसात लपवल्या. मामांना पत्ताच नाही. उलट घरी येऊन म्हणाले, "आज लोकांनी लई सहकार्य केलं. एक मोटार वाजत नव्हती."

घरात मात्र सहकार्याच्या नावानं बोंब. त्यांची बायको, सुवार्तामामी, प्रत्येक फोटो बघून एकच विचारायच्या, "यात पानी कुठं हाय? दूध उतू गेल्यावानी दिसतंय."

पुण्यातल्या लेकीला नव्या घरासाठी आईचा फोटो हवा होता. मामांचा हट्ट असा, की तो पाण्याजवळचाच आणि काळ्या काचेतलाच काढायचा. आणि मामी म्हणजे भिंगरी! खडकावर उभ्या केल्या, की प्रार्थना निम्म्यावर येण्याआधीच कुणाला तरी हाक मारायला नाहीतर शेळी हाकलायला पळायच्या. हलणारा माणूस त्या काचेतून उमटतच नाही. फोटोत नुसता रिकामा खडक.

"मी हुते ना तिथं!" मामी भांडायच्या.

"हुतीस. पर थांबली न्हाईस."

असं म्हणताना मामांचा चेहरा पार उतरायचा. तालुक्यातल्या एवढ्या नवऱ्या टिपल्या आणि स्वतःची बायको काही फोटोत येईना, याचं त्यांना खरंच वाईट वाटायचं.

मग एकदा पाणी सुटलं आणि मामा जेवायलाच आले नाहीत. मामींचा पारा चढला. डबा उचलला, मला बरोबर घेतलं आणि तरातरा बंधारा गाठला.

"अवो, जेवायचं हाय का न्हाई?"

"एवढं ऊन उतरू दे."

झालं! डबा मांडीवर घेऊन मामींनी खडकावर बैठक मारली. "तुमी उठत न्हाई तवर मी बी हितनं हलनार न्हाई. बघूच!"

मामांनी माझ्याकडे बघून ओठावर बोट ठेवलं. गुपचूप काच बसवली, बटण दाबलं आणि पुटपुटायला लागले. मामी रागानं ताठ, पापणीसुद्धा हलवेनात. मामांनी आमेन इतक्या जोरात म्हटलं, की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

काय फोटो आला होता! सगळ्या प्रवरेची साय, आणि मध्ये मामी, फुगलेल्या नाकासकट आणि डब्यासकट लख्ख. मामी कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता दुधाचं काहीतरी बोलणार. तर म्हणाल्या, "आन् यात तुमी का न्हाई?"

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मामांना हाताला धरून शेजारी बसवलं. "आता हलायचं न्हाई," अशी तंबीही दिली. बटण माझ्या हातात. मला प्रार्थना येत नव्हती, म्हणून एकोणतिसाचा पाढा म्हणायला घेतला आणि साताशी अडकले. शाळेतली बाई! मामांना हसू फुटलं ते फुटलंच. मामी ओठ न हलवता दटावत होत्या आणि मामा पोट धरून गदगदत होते.

पुढे माझी कर्जतला बदली झाली, तेव्हा त्यांनी तोच फोटो मला दिला. बाहेरच्या खोलीत लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, "या बाईंच्या शेजारी हा धूर कसला?"

मी सांगते, धूर नाही हो, ते आमचे शांतवनमामा. हसताहेत.